इलिनॉयची कीर्द-खतावणी

एखाद्या राज्याचा इतिहास लिहायचा म्हणजे आधी एक समिती लागते. समितीला अध्यक्ष लागतो, अध्यक्षाला गाडी लागते, गाडीला ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर सासुरवाडीला गेला की इतिहास आठ दिवस थांबतो. एवढं सगळं होऊन पहिला खंड निघालाच, तर त्यात पर्जन्यमान असतं, पिकं असतात, जंगलं असतात आणि शेवटी शुद्धिपत्र असतं. साहेबाच्या अमदानीत कॅम्बेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याचं गॅझेटियर निघालं, त्याचे खंड झाले २७. कुठे नांगर किती, गाड्या किती, बैल किती, सगळं तपशीलवार. त्या बैलांमागून चालणाऱ्या माणसाची मुलगी त्या साली अंथरुणाला खिळली होती की काय, हे मात्र त्यात सापडायचं नाही. कारण तसा रकानाच नव्हता.

रकाना नाही म्हणजे ती गोष्ट घडलीच नाही, असं मानणाऱ्या लोकांत माझी सारी उमेद गेली. मी बँकेत कारकून आहे. म्हणूनच एका अमेरिकन गवयाने एका आख्ख्या राज्याचा इतिहास लिहायला घेतला आणि त्यात नेमका हाच रकाना आखला, ही गोष्ट मला फार जिव्हाळ्याची वाटते. गवयाचं नाव सुफ्यान स्टीव्हन्स. त्याने समिती नेमली नाही, अनुदान मागितलं नाही, आणि ग्रंथही लिहिला नाही. गाणी केली. जुलै २००५ मध्ये ती ‘इलिनॉय’ या नावाने बाजारात आली. माझा एक भाचा त्या इलिनॉयमध्येच शिकायला होता. “मामा, तुला हिस्टरी आवडते ना, मग हे ऐकच,” म्हणून त्याने ती मला पाठवली. माझी इतिहासाची आवड म्हणजे रविवारी दुपारी आडवं होऊन बखर वाचणं. पण ही बखर आडवं होऊन ऐकता येते, आणि मध्येच उठून बसावं लागतं.

आधी नावाचा उलगडा करतो. इंग्रजीत ह्या राज्याच्या नावाच्या शेवटी ‘एस’ हे अक्षर असतं, पण ते उच्चारायचं नसतं. आमच्या शाखेत असे दोघे-तिघे आहेत. हजेरीपटावर असतात, प्रत्यक्षात जाणवत नाहीत. स्टीव्हन्सने ह्या मुक्या अक्षराला वाचा फोडली. वेष्टनावर त्याने राज्याचं नाव असं काही लिहिलं की त्याच्या शेपटातून ‘नॉइज’, म्हणजे गोंगाट, बाहेर पडावा. आतही तसाच प्रकार आहे. बासऱ्या, कर्णे, व्हायोलिनं, घंट्या, टाळ्या आणि समूहगान. बँजोसुद्धा आहे; पण तो आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीचा बेंजो नव्हे, तारा छेडायचा गरीब स्वभावाचा बँजो.

गवयाची जन्मपत्रिकाही मजेशीर आहे. जन्म १९७५ चा, डेट्रॉइटचा. धर्माने ख्रिस्ती, पण नाव अरबी वळणाचं. आईवडील त्या वेळी सुबुद नावाच्या एका पंथात होते आणि पंथाच्या संस्थापकाने हे नाव ठेवलं. म्हणजे मुलाच्या नावात आत्याचा हात नसला की काय होतं ते पाहा! लहानपणी तो ओबो वाजवायचा. ओबो म्हणजे सनईच्या कुळातलं, दोन पानांच्या जिभेचं वाद्य. पुढे तो हाताला लागेल ते वाजवत सुटला. ‘इलिनॉय’वर त्याने एकट्याने वीसेक वाद्यं वाजवली, गाणी लिहिली, चाली लावल्या, वाद्यमेळ बांधला, ध्वनिमुद्रणही स्वतःच केलं आणि निर्माता म्हणूनही स्वतःच सही केली. आमच्याकडे एकच माणूस चेक लिहून, पास करून, पैसेही मोजून घेऊ लागला तर तासाभरात ऑडिटर येईल. संगीतात ह्याला प्रतिभा म्हणतात.

आणि ही ध्वनिमुद्रिका काढली कोणी? त्याच्याच कंपनीने. कंपनीचं नाव मराठीत सांगायचं तर ‘दमेकरी मांजर’. इंग्रजीत ॲस्थमॅटिक किटी. ही १९९९ साली त्याने आपल्या सावत्र वडिलांबरोबर काढली. हे लोवेल ब्रॅम्स. सुफ्यानच्या आईशी त्यांचा संसार पाचेक वर्षांचा. मुलगा लहान असतानाच तो मोडला. संसार मोडला, पण नातं मोडलं नाही. पुढे सावत्र बाप आणि सावत्र मुलगा भागीदार झाले. त्यांच्याकडच्या एका मांजराला खरोखरच दमा होता, त्याचं नाव कंपनीला दिलं. आपल्याकडे कंपनीला कुलदैवताचं नाव देतात आणि दमा पुढे मालकाला होतो.

अशा माणसाला तिकडे ‘इंडिपेंडंट’ म्हणतात. बी.कॉम.च्या भाषेत सांगायचं तर भांडवल आपलं, माल आपला, तोटाही आपला. मोठी कंपनी गवयाला आगाऊ रक्कम देते आणि बहुतेक वेळा ध्वनिमुद्रणाची मालकी ठेवून घेते. म्हणजे घर तारण ठेवून कर्ज घ्यायचं, कर्ज फेडायचं, आणि घर सावकाराकडेच ठेवायचं. स्वतंत्र गवई भाड्याच्या खोलीत राहतो, पण चाव्या त्याच्या खिशात असतात.

आता मूळ योजनेकडे येऊ. २००३ साली ह्याने आपल्या जन्मराज्यावर ‘मिशिगन’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली. ती बरी गाजली, आणि ह्याने जाहीर करून टाकलं की अमेरिकेच्या पन्नासही राज्यांवर एकेक ध्वनिमुद्रिका काढणार! मी घोषणा पुष्कळ ऐकल्या आहेत, पण हिचा आवाका बघा. दर वर्षाला एक राज्य धरलं तरी निवृत्तीचं वय उलटून जायचं. मराठी माणसाने मात्र हसू नये, कारण आपल्या डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाचा असाच ध्यास घेतला, लोकांचे भाग गोळा करून लिमिटेड कंपनी काढली आणि २३ खंड पुरे करूनच ते थांबले. स्टीव्हन्स केतकरांच्या जातीचा निघतो की निवडणूक-जाहीरनाम्यांच्या, हे ठरायचं होतं. दुसरं राज्य म्हणून त्याने इलिनॉय घेतलं.

अभ्यास मात्र त्याने समितीला लाजवील असा केला. राज्यात भटकला, इतिहासाची पुस्तकं वाचली, बाहेरून येऊन वसलेल्यांची दप्तरं चाळली, शिकागोच्या सॉल बेलोच्या कादंबऱ्या आणि कार्ल सँडबर्गच्या कविता वाचल्या. मित्रांना आणि अनोळखी लोकांनाही विचारलं, तुमच्या गावची एखादी गोष्ट सांगा.

ध्वनिमुद्रणाचं सामान ऐकून तर माझ्यातला काटकसरी खातेदार गहिवरला. रोलँड कंपनीचं आठ ट्रॅकचं एक घरगुती यंत्र, आणि कुठल्याही कार्यक्रमाच्या स्टेजवर दिसावा असला साधा माइक. सीडीसाठी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. ह्याचं यंत्र ३२,००० वर भागवायचं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला एक छोटा स्टुडिओ, ब्रुकलिनमधलं राहतं घर, पियानोसाठी तिथलंच एक चर्च, अशी ठिकठिकाणी वरात फिरली. ऐकताना वाटतं, शंभर माणसं बसली असावीत. प्रत्यक्षात बराच वेळ एकच माणूस एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जात होता.

गाणी २२, वेळ सुमारे ७४ मिनिटं. काही गाण्यांची नावं गाण्यांपेक्षा मोठी. एकाचं शीर्षक तर जमीनखरेदीच्या दस्तासारखं ‘अथवा’, ‘अथवा’ करत चार तुकड्यांत चालतं. विषय आहे १८३२ सालचं ब्लॅक हॉक युद्ध. सॉक जमातीचा म्होरक्या ब्लॅक हॉक आपल्या लोकांना घेऊन नदी ओलांडून जुन्या जमिनीवर परत आला. फौजेने त्यांची वाताहत केली. विशीतला अब्राहम लिंकन त्या मोहिमेत स्वयंसेवक कप्तान होता. त्याला लढाई काही दिसली नाही. स्टीव्हन्सच्या लांबलचक शीर्षकात एक संस्कृती उखडून टाकणारा माणूस सकाळी उठून ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ म्हणतो, अशा अर्थाची चपराक आहे. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हा मजकूर आम्ही बँकेत छापील ठेवतो, त्यामुळे मला ती जरा जास्त लागली. आणि एवढ्या मोठ्या शीर्षकानंतर खाली गाणं किती? जेमतेम सव्वादोन मिनिटांचं, आणि त्यात शब्दच नाहीत. नुसते कर्णे आणि हुंकार. ज्यांची जमीन गेली त्यांच्या बाजूने बोलायला कोणी उरलेलं नाही, हे सांगायची ही एक तऱ्हा.

दुसरं टोक म्हणजे सहा सेकंदांचा एक तुकडा. पुलमन ह्या नावाला दिलेली एक शेवटची आरोळी, एवढंच. पुलमन म्हणजे आगगाडीचे आलिशान डबे बांधणारा शिकागोचा कारखानदार. त्याने कामगारांसाठी स्वतःचं गाव वसवलं. मंदीत पगार कापले, पण घरांची भाडी कापली नाहीत. १८९४ साली त्यावरून संप झाला आणि देशभरच्या गाड्या अडकल्या. त्या गावाच्या हिशेबात पगाराची बाजू खाली आली आणि भाड्याची जागच्या जागी राहिली. हिशेबाला दोन बाजू असतात, हे पुलमनला त्याच्याच भाडेकरूंनी शिकवलं.

दोन बाजूंचं नाव काढलं म्हणून थोडं शास्त्र सांगतो. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या साधूने दुहेरी नोंद पद्धतीवर लिहिलेलं छापून आलं. कॉमर्सचा विद्यार्थी पहिल्या वर्षी त्याला शिव्या देतो आणि मग जन्मभर त्याच्यावर जगतो. नियम एवढाच, की एका बाजूला नावे टाकलंत की दुसऱ्या बाजूला जमा पडलीच पाहिजे. माझं म्हणणं असं आहे की राज्याराज्यांचे इतिहास एकेरी नोंदीचे असतात. धरण बांधलं, पूल झाला, प्रदर्शन भरलं, सेनापती पडला. ह्या प्रत्येक नोंदीची दुसरी बाजू कोणाच्या तरी घरात लिहिलेली असते, ती खतावणीत येत नाही. स्टीव्हन्सने ह्या २२ गाण्यांत इलिनॉयची दुसरी बाजू लिहिली.

प्रदर्शनाचंच घ्या. कोलंबसाच्या सफरीला ४०० वर्षं झाली म्हणून शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. ४०० वर्षं झाली १८९२ ला, प्रदर्शन उघडलं १ मे १८९३ ला. सरकारी कामाला एवढी सवलत जगभर असते. फेरिस नावाच्या इंजिनियरने तिथे २६४ फूट उंचीचा पाळणा उभारला; आपल्या जत्रांतल्या पाळण्यांचा तो पणजोबा. ह्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद भरली. तिच्यासाठी स्वामी विवेकानंद मुंबईहून बोटीत बसले, आणि खुद्द मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मसमाजाच्या वतीने तिथे बोलले. स्टीव्हन्सच्या गाण्यात पाळणा आहे, नगरकर नाहीत. ती नोंद आपण आपल्या वहीत करू. पण गाणं मध्येच वळतं. प्रदर्शनाची झगमग ओसरते आणि कवी सँडबर्ग गवयाच्या स्वप्नात येऊन त्याची उलटतपासणी घेतो, की बाबा रे, हे सगळं तुझ्या आतून येतंय का? कोट्यवधी लोकांचं प्रदर्शन एकीकडे, आणि रात्री जागा असलेला एकटा माणूस दुसरीकडे. दोन्ही बाजू जुळल्या.

आता सुपरमॅनचं प्रकरण. वेष्टनावरचं चित्र दिव्या श्रीनिवासन ह्या भारतीय वंशाच्या अमेरिकन चित्रकर्तीने काढलं. त्यात शिकागोच्या उंच इमारती, गुंड अल कपोन, उडत्या तबकड्या आणि आकाशात सुपरमॅन. सुपरमॅन का, तर इलिनॉयच्या दक्षिण टोकाला मेट्रोपोलिस नावाचं खरंखुरं गाव आहे. १९७२ पासून ते सुपरमॅनचं गाव म्हणून मिरवतं आणि कोर्टासमोर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. ज्याला गोळी लागत नाही, त्याला कोर्टासमोर उभं केलं आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. कारण ध्वनिमुद्रिका दुकानांत पोचत होती तेव्हाच लक्षात आलं की सुपरमॅनच्या मालकांना, म्हणजे डीसी कॉमिक्सला, विचारलेलंच नाही. दुकानदारांना निरोप गेले, विक्री थांबवा. मग तोड निघाली. छापून झालेल्या प्रती विकायची मुभा मिळाली, पुढच्या छपाईतून सुपरमॅन गेला. मधल्या काही प्रतींवर त्याच्या अंगावर रंगीत फुग्यांचा स्टिकर चिकटवला. उघड्या पडलेल्या सुपरमॅनवाल्या प्रती हौशी लोक जपून ठेवू लागले. चुकीच्या छपाईची नोट लोक जपतात, तसंच.

ह्या तंट्यात डीसीचा कायदेशीर मुद्दा बरोबरच होता. पण खतावणीचं जुनं पान उलटून पाहा. सुपरमॅन निर्माण केला जेरी सीगल आणि जो शुस्टर ह्या क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी. १९३८ साली त्यांनी त्याचे सगळे हक्क कंपनीला विकले. किंमत १३० डॉलर. दोघांनी मिळून. पुढे सुपरमॅनने किती पैसा मिळवला हे मोजायला आमचं कॅशखातं पुरणार नाही, आणि ज्यांनी त्याला उडायला शिकवलं ते दोघे म्हातारपणापर्यंत कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. म्हणून दमेकरी मांजर ह्या नावाला हसताना थोडं थांबावं. ‘इलिनॉय’च्या वेष्टनावर आपलं सगळं आपल्याकडे ठेवणारा माणूस आणि सगळं १३० डॉलरला गेलेला नायक समोरासमोर आले होते. त्यातल्या बलवानाला फुग्यांखाली झाकावं लागलं.

लोकांनी काय केलं? लोकांनी डोक्यावर घेतलं. देशोदेशीच्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणारी मेटाक्रिटिक नावाची संस्था आहे. तिच्या हिशेबात ही २००५ सालची सर्वांत वाखाणलेली ध्वनिमुद्रिका ठरली. पिचफोर्कने तिला वर्षातली सर्वोत्तम म्हटलं. विक्रीच्या राष्ट्रीय यादीत, म्हणजे बिलबोर्डच्या पहिल्या दोनशेत, तिचा उच्चांक होता १२१ वा. समीक्षकांत पहिला आणि बाजारात एकशेएकविसावा! मराठीत कवितेचं पुस्तक काढणाऱ्यांना हा निकाल ऐकून हेवा वाटेल, कारण आपल्याकडे १२१ हा खपाचा आकडा असतो.

एवढं कौतुक कशाचं, हे मला दोन गाण्यांनी समजावलं. पहिलं भयंकर आहे. जॉन वेन गेसी हा शिकागोजवळचा कंत्राटदार. शेजाऱ्यांत मिळूनमिसळून वागायचा, लहान मुलांसाठी विदूषक व्हायचा. १९७० च्या दशकात त्याने ३३ मुलगे आणि तरुण मारले आणि त्यांतल्या बहुतेकांना घराखाली पुरलं. १९९४ साली त्याला देहदंड झाला. हा इतिहास कुठल्याही वर्तमानपत्रात मिळेल. स्टीव्हन्स तो कुजबुजल्यासारखा सांगतो, आणि शेवटी बोट स्वतःकडे वळवतो. माझ्याही फरशीखाली उचकटून पाहिलंत तर पुरलेलं काहीतरी सापडेल, असा त्याचा आशय. खुनाशी बरोबरी नव्हे ही. पण राक्षसाची नोंद करताना लिहिणाऱ्याने आपलं नाव दुसऱ्या बाजूला टाकायचं, हे धैर्य मी कुठल्या गॅझेटियरात पाहिलेलं नाही.

दुसरं गाणं सुट्टीचं आहे. सुट्टी ह्या विषयावर आम्हा बँकवाल्यांना अधिकारवाणीने बोलता येतं. आमच्या सुट्ट्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१, कलम २५ खाली येतात, आणि त्या रविवारी पडल्या की आमच्या घरी सुतक असतं. इलिनॉयमध्ये मार्चचा पहिला सोमवार ‘कॅसिमिर पुलास्की दिन’ म्हणून पाळायचं १९७७ साली ठरलं. पुलास्की हा पोलंडचा सरदार. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात घोडदळ घेऊन लढला आणि १७७९ साली सव्हाना इथे झालेल्या जखमांनी गेला. सव्हाना राहिलं कुठे आणि इलिनॉय कुठे! इलिनॉय हे राज्य झालं तेच मुळी १८१८ साली. पण शिकागोत पोलिश वस्ती मोठी, तेव्हा सेनापतीची सोय तिथे लागली. बरीच वर्षं त्या दिवशी शाळा-कचेऱ्या बंद असत. पुढे पुष्कळ शाळांनी ही सुट्टी मोडीत काढली.

स्टीव्हन्सने गाण्याला नाव दिलं ‘कॅसिमिर पुलास्की डे’. आत पुलास्की कुठेही नाही. घोडा नाही, तलवार नाही. एक शाळकरी मुलगा आहे आणि त्याची मैत्रीण आहे. तिला हाडांचा कॅन्सर झाल्याचं कळतं. चर्चची मंडळी जमून तिच्यासाठी प्रार्थना करतात, अंगावर हात ठेवतात. गुण येत नाही. तिचे वडील आहेत, त्यांना काय बोलावं ते सुचत नाही. दोन पोरांचा चोरटा जिव्हाळा आहे, त्याची त्यांना थोडी लाजही आहे. आणि मार्चच्या त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ती जाते. बँजो एकसारखा वाजत राहतो, आवाज कुठे चढत नाही. देवावर श्रद्धा असलेला मुलगा देवाने काय केलं ते बघत राहतो. भांडतही नाही, सोडूनही देत नाही. शेवटी शब्द संपतात आणि एक कर्णा काय ते बोलतो.

माझे वडील १ मेला गेले. महाराष्ट्र दिन. सकाळी कॉलनीत झेंडावंदन झालं, लाउडस्पीकरवर राज्याच्या थोरवीची गाणी लागली होती, आणि आम्ही आत डॉक्टरांची वाट बघत होतो. दुपारी खांदा द्यायला सगळे हजर होते, कारण सगळ्यांना सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, “बरं झालं हो, तुमची एक रजा वाचली.” माणूस चांगला, सांत्वन करायला म्हणूनच बोलला. तेव्हापासून दर १ मेला राज्याचा झेंडा वर चढतो, आणि माझ्या मनात एक नोंद दुसऱ्या बाजूला पडते. राज्याची त्याबद्दल काही तक्रार नसावी. माझीही राज्याबद्दल नाही. पण इलिनॉयमधल्या त्या मुलाचं गाणं ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हाही इतिहासच आहे आणि तो लिहायचा असतो. सेनापतीचं नाव मथळ्यात शोभतं. तपशिलाच्या रकान्यात ती मुलगी पाहिजे. तिला गाण्यात नावही नाही, आणि म्हणूनच तिथे आपल्यातल्या कोणाचंही माणूस मावतं.

आता पन्नास राज्यांच्या वचनाचं काय झालं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर हिशेब अपुरा राहील. २००६ साली त्याने ‘इलिनॉय’ची उरलीसुरली गाणी ‘दि ॲव्हलांच’ नावाने काढली. शिल्लक मालाची संख्या २१! म्हणजे एका राज्याची गाणीच आवरेनात. तिसरं राज्य काही आलं नाही. २००९ साली त्याने सरळ सांगून टाकलं की पन्नासाची घोषणा ही प्रसिद्धीची क्लृप्ती होती. ४८ राज्यं थकली. बँकेच्या दृष्टीने हे खातं केव्हाच बुडीत. पण मला त्याचा राग येत नाही. एका इलिनॉयमध्ये इतकं सापडलं, तर पन्नासांच्या मागे धावताना तो शेवटी पर्जन्यमान आणि पिकांवर आला असता. पुढे २०१५ साली त्याने जी ध्वनिमुद्रिका केली तिच्या नावात राज्य नाही. त्याची वारलेली आई आणि ते भागीदार सावत्र वडील, ह्या दोघांची पहिली नावं आहेत. दुसरी बाजू लिहिता लिहिता माणूस शेवटी घरी पोचला.

‘इलिनॉय’चा प्रवास मात्र चालू राहिला. दहा वर्षं झाल्याच्या निमित्ताने खास आवृत्ती निघाली, तेव्हा वेष्टनावर सुपरमॅनच्या जागी मार्व्हल कंपनीचा ब्लू मार्व्हल आला. आणि २०२४ साली ह्या गाण्यांवरचा नाच थेट ब्रॉडवेवर गेला. नृत्यदिग्दर्शक जस्टिन पेकला त्याबद्दल टोनी पुरस्कार मिळाला. त्या नाटकात एकही संवाद नाही. काही तरुण मुलंमुली शेकोटीभोवती जमतात आणि वहीत लिहून आणलेल्या आपापल्या गोष्टी नाचून सांगतात. पाळणा आला, इमारती आल्या, सुपरमॅन आला नि गेला. शेकोटीभोवतीची मुलं राहिली.

उरलेल्या ४८ राज्यांची मला काळजी नाही, कारण हे काम सगळीकडे चालूच असतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या दाराआडची दिनदर्शिका पाहा. चौकोनात वर छापलेलं असतं, कोणाची जयंती, कोणाचं हौतात्म्य, बँकांना सुट्टी. त्याखाली पेन्सिलीने लिहिलेलं असतं: दूध अर्धा लिटर जास्त, गॅस लावला, बाबांचं वर्षश्राद्ध. छापील अक्षर सरकारचं, पेन्सिल घरची. वर्ष संपलं की आपण ती दिनदर्शिका रद्दीत देतो, किलोच्या भावाने. आमच्या घरच्या जुन्या दिनदर्शिका मात्र माळ्यावर आहेत. आईने एकही देऊ दिली नाही. सुतळीने बांधून ठेवल्या आहेत, सालवार.